दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा

अक्का, त्यांनी तुमचा नकाशा भिंतीवर टांगला.

काचेच्या चौकटीत बसवला, खाली सोनेरी अक्षरांत तुमचं नाव लिहिलं, वर चंदनाचा हार घातला आणि शाळेत शिरल्याबरोबर दिसेल असा, पाहुण्यांच्या सोफ्यामागं चार खिळे ठोकून लावला. ती भिंत कुठली ते तुम्हाला सांगायला नको. दक्षिणेची. त्या सोफ्यासमोर उभं राहून जो कोणी नकाशा बघायचा त्याला वाटायचं, तळं या भिंतीच्या पलीकडं आहे. तळं त्याच्या पाठीमागं असायचं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या पाचवीतल्या कुठल्याही मुलाला हे एका नजरेत कळलं असतं. शाळेतल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही कळलं नाही.

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं सगळे सांगतात. बोलेन की, चांगलंही खूप आहे. पण आधी मला तुमच्यावर रागवायचं आहे. तुम्ही होता तेव्हा मी अर्धवट रागावलो आणि मग अबोला धरला. उरलेला अर्धा राग माझ्यापाशीच राहिला, आणि तुम्ही तो ऐकून न घेता निघून गेलात.

मी तुमच्या शाळेत शिकवायला आलो तेव्हा मला नकाशा वाचता येत नव्हता. बी.ए.ला भूगोल, बी.एड.ला भूगोल, आणि नकाशा वाचता येत नाही. हे मी तुमच्याशिवाय कुणापुढं कबूल केलेलं नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत एकच नकाशा होता, कापडाचा, वरखाली लाकडी दांडी लावलेला. वर्षभर तो हेडमास्तरांच्या कपाटात गुंडाळून असायचा. परीक्षेआधी आठवडाभर बाहेर निघायचा, फळ्याशेजारच्या खिळ्याला लागायचा, आणि सरांच्या छडीचं टोक जिथं पडेल ते नाव आम्ही ओरडायचो. वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडं पूर्व. ती भिंतही दक्षिणेची होती, पण हे कळायला मला अठ्ठाविसाव्या वर्षी बंगळूरला यावं लागलं. तोवर माझ्या डोक्यात कोल्हापूर फळ्यामागं होतं. स्टँडवरून कोल्हापूरची गाडी बरोबर उलट्या दिशेनं सुटायची. लहानपणी मी त्याचाही मेळ घालून टाकला होता: माळापलीकडं गेली की गाडी कुठंतरी वळत असणार. माझ्याकडं पूर्व दिशा दोन होत्या, एक सूर्याची आणि एक परीक्षेची. त्यांची कधी गाठ पडली नाही. पाडणार कोण? वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आमच्या घरात शाळेचं पुस्तक उघडणारा मीच पहिला.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्ही माझं नाव विचारलंत आणि लगेच मराठीवर आलात. इतकी वेगळी मराठी मी आधी ऐकली नव्हती. मी विचारलं, “अक्का, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“इथल्याच. आमचे लोक कधी आले कुणास ठाऊक. तंजावरकडं जाणाऱ्या फौजेतनं कुणीतरी मागं राहिला असंल, पाय दुखले म्हणून. तेव्हापासनं आमच्या घरात कुणी चालत नाही बघ. मीच एक चालते.” आणि मग डबा माझ्याकडं सरकवून म्हणालात, “घे, अवलक्की आहे. तुमच्याकडं पोहे म्हणतात. कांदा स्वल्प जास्त झालाय.”

त्याच आठवड्यात तुम्ही मला शुक्रवारच्या फेरीला नेलंत. मुलं तिला नडिगे म्हणायची, म्हणजे नुसतं चालणं. तिसरा आणि चौथा तास. आधी शाळेच्या लांब व्हरांड्यात प्रत्येक मुलाला वीस पावलं टाकायला लावून, टेपनं मोजून, त्याच्या एका पावलाची लांबी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून घ्यायची. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा मोजायची, कारण मुलं वाढतात. मग बाहेर. दूध केंद्रापासून वळणापर्यंत किती पावलं, वळणापासून रेनट्रीच्या झाडापर्यंत किती, सावली कुठल्या बाजूला पडते, उतार कुठं सुरू होतो. उतार बघायला तुम्ही मुलांना रस्त्यावर बाटलीतलं पाणी ओतायला सांगायचात. “डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पाणी कुठं पळतं ते बघा.” परत आलं की वर्गातली बाकं भिंतीला लावून जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी चिकटवून केलेला तो भलामोठा कागद जमिनीवर अंथरायचा. तुमची शंभर पावलं म्हणजे कागदावर तुमची एक वीत. आणि नियम एकच: जिथं पाय लागला नाही तिथं पेन्सिल लागायची नाही. कुणी ऐकीव गोष्ट काढली की तुम्ही विचारायचात, “कुणाचा पाय लागला?” हात वर झाला नाही, तर ते काढायचं नाही.

दुसऱ्याच शुक्रवारी बारा मुलं आणि नकाशा माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, यांना तळ्यापासून शाळेत घेऊन ये. मी नकाशा छातीशी उभा धरला, गावच्या खिळ्याला असायचा तसा. नकाशात शाळेची गल्ली डावीकडं दिसत होती, म्हणून तिठ्यावर डावीकडं वळलो. आपण दक्षिणेकडं तोंड करून चाललोय हे माझ्या मनातही आलं नाही. पंधरा मिनिटांनी आम्ही फर्निचरच्या गोदामांपाशी, लॉऱ्यांच्या धुळीत उभे. मुलं माझ्याकडं बघतायत आणि मी नकाशाकडं. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला.

“काय महादेवप्पा, मुलांना होसूर दाखवायला चाललास काय?”

तुम्ही सगळा वेळ आमच्या मागून पन्नास पावलांवर येत होता. छत्री, ते निळे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. मला इतकी लाज वाटली की रडू यायचं बाकी होतं. नंतर मी विचारलं, “मी चुकतोय हे दिसत होतं, तर हाक का मारली नाही?”

“हाक मारली असती तर मुलांना कळलं असतं, मास्तर चुकला म्हणून. आता त्यांना वाटतंय, आज जास्त फिरवलं. खूश आहेत.” मग चालता चालता एकदम म्हणालात, “तुझ्या शाळेत नकाशा कुठल्या भिंतीला होता रे?”

मी सांगितलं. दुपारी उन्हं कुठून यायची ते तुम्ही विचारलंत, पिंपळ कुठल्या खिडकीतून दिसायचा ते विचारलंत, आणि शाळेत परतल्यावर जमिनीवर बसून मला माझंच गाव काढायला लावलंत. मग तो कागद धरून अर्धा फिरवलात. कोल्हापूर फळ्यामागून निघालं आणि दारातून बाहेर, गाडी जाते त्या बाजूला जाऊन बसलं. अक्का, मी पदवी घेतली तेव्हा आईनं पेढे वाटले होते. पण मी शिकलो तो त्या दिवशी. त्यानंतर चार वर्षं मी तुमच्या मागं मागं चाललो, आणि आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या चालण्यातून आलंय. म्हणून तर इतका राग येतो. ज्याच्याकडून काही मिळालं नाही त्याच्यावर कोण रागावेल?

आता त्या निळ्या रेघेबद्दल.

गेल्या वर्षीच्या पाचवीनं केलेला हा भिंतीवर गेलेला नकाशा आजवरचा सगळ्यात चांगला होता. तुम्हीच म्हणाला होता. तळ्यातून निघणारा राजकालुवे, म्हणजे पावसाचं जादा पाणी एका तळ्यातून खालच्या तळ्याकडं नेणारा जुना मोठा नाला, मुलांनी तीन शुक्रवार कडेकडेनं चालून काढला. तो आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणापर्यंत येतो आणि तिथं संपतो. दोन आठवड्यांनी मुलांनी समोरचा रस्ता ओलांडला, तर गाद्यांच्या दुकानामागं तो पुन्हा सुरू! मधे काय? मधे शाळेची नवी इमारत. मेघनानं दोन्ही टोकांना पट्टी लावली, उतार बघितला, आणि निळ्या पेन्सिलीनं ठिपक्यांची रेघ ओढली, कुंपणापासून थेट नव्या इमारतीच्या तळमजल्यातून रस्त्यापलीकडं. रेघ चालली होती पहिलीच्या वर्गाखालून. दहा वर्षांच्या मुलीनं. कुणी सांगितलं नव्हतं. मी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही माझ्याकडं, आणि तुमचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. तुम्ही म्हणालात, “नोडी, नोडी, बघा काय केलंय या पोरीनं.”

पुढच्या शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं. शुक्रवारी दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी आपल्या दोघांना बोलावलं. किती गोड बोलल्या. नकाशा सुंदर आहे, मुलांनी कष्ट घेतलेत, फक्त तेवढी एक रेघ. नव्या पालकांना उगाच शंका येतील. शिवाय मुलं आपल्या इमारतीखाली शिरून काही बघून आलेली नाहीत ना? मग हे अनुमान झालं. तुमचाच तर नियम आहे, अक्का.

मी तोंड उघडणार होतो. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात.

वर्गात मेघना आणि आणखी चारपाच मुली रंग भरत बसल्या होत्या. तुम्ही गुडघे टेकून नकाशावर बसलात आणि पर्समधून खोडरबर काढलात. “मेघना, इथं कुणाचा पाय लागलाय ग?” तिनं मान हलवली. “मग पेन्सिल लावायची का?” ती बारीक आवाजात म्हणाली, “नाही अक्का.” आणि तुम्ही तिच्यासमोर ती रेघ खोडलीत. ठिपका ठिपका. कागदावरची रबराची भुकटी फुंकलीत, उठलात. गुडघ्याला लागलेला निळा रंग झटकलात.

व्हरांड्यात मी तुम्हाला अडवलं.

“अक्का, हे तुम्ही काय केलंत?”

“नियम आहे.”

“नियम कशासाठी आहे ते मला माहीत आहे. मुलांनी ऐकीव काढू नये म्हणून. तिनं ऐकीव नाही काढलं. दोन टोकं चालून आली, उतार बघितला, मधलं ओळखलं. नकाशा वाचणं म्हणजे आणखी काय असतं? तुम्हीच शिकवलंय.”

“हळू बोल. मुलं ऐकतात.”

“ऐकू देत. ठिपक्यांची रेघ होती. तिला माहीत होतं की तिथं पाय लागला नाही, म्हणून तर तिनं ठिपके काढले.”

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. म्हणालात, “एका रेघेपायी शुक्रवार बंद पडतील, महादेवा. रेघ पुन्हा काढता येईल. शुक्रवार गेला की गेला.”

“तुम्ही घाबरलात,” मी म्हणालो.

तुम्ही पिशवी घेतलीत आणि बस पकडायला गेलात.

मी ते शब्द परत घेत नाही. तुम्ही गेलात म्हणून ते खोटे होत नाहीत. तुम्ही घाबरलात, अक्का. जी बाई मुलांना अनोळखी गल्लीत नेऊन ‘आता तुम्ही मला घरी न्या’ म्हणायची, ती एका वातानुकूलित खोलीत पाच मिनिटांत घाबरली. आणि तेवढ्यानं माझं बिनसलं नव्हतं. घाबरतो की माणूस. मीही घाबरतो, माझी नेमणूक वर्षावर्षाची आहे. पण तुम्ही त्या भीतीला नियमाचे कपडे घातलेत. मुलीला ‘मला ही रेघ ठेवता येत नाही, वरून सांगितलंय’ असं म्हणाला असता तर तिला जग कळलं असतं. तुम्ही तिला असं शिकवलंत की तिनं चूक केली.

आणि मिळालं काय? तीन आठवड्यांत शुक्रवार बंद झाले. सुरक्षेचं कारण. रहदारी, कुत्री, उघडी चेंबरं, पालकांची जबाबदारी. कुठलाही पालक परवानगी देणार नाही, असं मॅडमनी भर मीटिंगमध्ये सांगितलं. एकाही पालकाला विचारलं नव्हतं. त्याऐवजी ‘आपला परिसर’ नावाचे प्लास्टिक चढवलेले कागद आले, त्यात रिकाम्या चौकोनांत ‘दवाखाना’, ‘बाजार’ असं भरायचं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुलांना खुर्चीत बसून तळं दाखवलं. आपलं नव्हे, कुठलं तरी. मी तुमच्याकडं बघत होतो, आता तरी बोलाल म्हणून. तुम्ही म्हणालात, “सरी.” एवढंच. बंगळूरमध्ये दिवसातून शंभरदा ऐकू येणारा शब्द, रिक्षावाल्याचा, दुकानदाराचा. बरं. ठीक. चालेल. त्या दिवसापासून मला तो ऐकवत नाही.

पालकांना विचारायचं तुमच्याही मनात आलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. इतकी वर्षं तुम्ही शुक्रवार सांभाळलेत ते कुणाच्या नजरेत येऊ न देता, नाटकाच्या तालमीचा तास मागून, आजारी बाईचा तास घेऊन. चोरून चालवलेली गोष्ट चोरूनच मेली. उघड मागितली असती तर?

मग आपला अबोला. अबोला कसला, मीच बोलत नव्हतो. तुम्ही रोज डब्याच्या झाकणात अर्धी अवलक्की काढून माझ्या टेबलावर ठेवत होता आणि मी ते झाकण तसंच परत तुमच्या टेबलावर ठेवत होतो. शेवटच्या शुक्रवारीही. तुम्ही जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागला होता, ते मला दिसत होतं. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं म्हणून थांबता. म्हणून मी पटपट वर निघून जायचो. छातीत दुखतं हे कुणाला सांगितलं नाहीत ना? डॉक्टरांकडं गेला होता असं तुमच्या भावानं सांगितलं, तेही नंतर. हाही राग आहे. उतारावरून पाणी कुठं पळतं ते आम्हाला दाखवणारी तुम्ही, स्वतःची चढण लपवलीत.

त्या रविवारी सकाळी तुमच्या भावाचा फोन आला. बोम्मसंद्राच्या माझ्या खोलीवरून दोन बस बदलून मी तुमच्या घरी पोहोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि ढिगाच्या बाजूला, भिंतीशी नीट जोडून ठेवलेले ते निळे कॅनव्हासचे बूट. मी आत गेलो नाही लगेच. बुटांपाशीच उभा राहिलो. नंतर तुमच्या पायांकडं बघितलं. तेवढंच बघवलं.

शोकसभेत प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “आमच्या अक्का कधीच कशाला नाही म्हणाल्या नाहीत.” टाळ्या वाजल्या, अक्का. शोकसभेत. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी ‘त्यांनी मला खूप शिकवलं’ एवढं म्हणून खाली बसलो. म्हणजे मीही घाबरलो. त्याच दुपारी खिळे ठोकण्याचा आवाज आला.

अकराव्या दिवशी बुधवारी दुपारपासून पाऊस धरला तो गुरुवारी पहाटे थांबला. सकाळी शाळेत आलो तर फाटकापाशी गर्दी. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, पहिलीच्या वर्गात, घोट्याच्या वर पाणी. इवल्या खुर्च्या तरंगत होत्या. आणि पाणी सगळीकडं नव्हतं. जुनी इमारत कोरडी, मैदानाची पूर्व बाजू कोरडी. कुंपणापासून पहिलीच्या वर्गातून फाटकाकडं असा एक पट्टा होता, फक्त पट्टा, आणि तो वाहत होता. शिपाई मंजण्णा पँट वर करून खुर्च्या काढत होता. शाळेला सुट्टी दिली होती, पण जवळची मुलं आली होती. त्यांत मेघना होती, आता सहावीत गेलेली. बूट हातात घेऊन ती पाण्याच्या मधोमध उभी होती, कुंपणाकडं बघत, मग वळून रस्त्याकडं बघत. मी हाक मारली तर कन्नडमध्ये म्हणाली,

“सर, आता लागला.”

“काय लागलं? खडा टोचला?”

“पाय. पाय लागला सर.” आणि मग, “आता काढू का?”

अक्का, मला तिथंच बसावंसं वाटलं. ही मुलगी वर्षभर ती रेघ डोक्यात घेऊन फिरत होती. तिला वाटत होतं, चूक तिची होती, पाय लागायचा राहिला होता. मी तिला सांगितलं. व्हरांड्यात तुम्हाला जे बोललो ते सगळं सांगितलं, की तुझी रेघ तेव्हाही बरोबर होती, ती खोडायला नको होती, आणि अक्कांनी ती का खोडली. तुमची बदनामी केली म्हणा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अक्कांना माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. का ठीक आहे, ते मला कळलं नाही. मला अजून ठीक वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी सोफा पुढं ओढला आणि चौकटीला हात घातला. मंजण्णा धावत आला. “सार, बेडा सार. नको. मॅडम रागावतील.”

“नकाशा चुकीच्या भिंतीवर आहे, मंजण्णा.”

त्यानं एकदा ऑफिसच्या दाराकडं बघितलं, एकदा तुमच्या नावाकडं. मग चौकटीचं दुसरं टोक धरलं. “हळू. अक्कांचं आहे.”

वर्गात नेऊन आम्ही मागचे खिळे काढले, काच बाजूला केली, कागद जमिनीवर अंथरला आणि खिडकीतल्या उन्हाकडं बघून फिरवला. तळं जाऊन आपल्या जागी बसलं. मेघनानं निळी पेन्सिल आणली होती. ती वाकली आणि थांबली. “सर, इथं बघा.” उन्हाची तिरीप कागदावर आडवी पडली होती आणि तुमच्या खोडलेल्या जागेत ठिपके दिसत होते. एकूण एक. रंग गेला होता, पण पेन्सिलीचे खळगे तसेच. काही ठिपक्यांवर तर निळाईसुद्धा राहिली होती. तुम्ही किती हलक्या हातानं खोडलं होतंत!

मुद्दाम? की हाताला जोर नव्हता? की त्या दिवशीही छातीत दुखत होतं? ‘रेघ पुन्हा काढता येईल’ म्हणाला होता, ते मला समजावायला की स्वतःला? मी तुम्हाला विचारू शकत नाही. मुद्दाम हलकं खोडलं असेल असं मानलं तर मला रडता येईल, आणि सगळं सोपं होईल. पण मी तसं मानणार नाही. मी पाहिलेलं नाही. जिथं पाय लागला नाही तिथं पेन्सिल लावायची नाही, हा नियम मी तुमच्याबाबतीतही पाळणार आहे. तुमचा विद्यार्थी आहे मी.

मेघनानं रेघ काढली. ठिपके नाहीत, सलग.

मॅडमनी मला बोलावलं, ते ओघानं आलंच. नकाशा सोमवारी पुन्हा भिंतीवर हवा, असं म्हणाल्या. मी म्हणालो, लावतो, पण उत्तरेच्या भिंतीवर, आणि ती रेघ राहील. पहिलीच्या मुलांचे पालक विचारतायत पाणी कुठून आलं, त्यांना दाखवायला लागेल. त्या मग म्हणाल्या, “तुमची नेमणूक मार्चपर्यंत आहे, माहीत आहे ना?” माहीत आहे. मी घाबरलो होतो, ते तुम्हाला सांगायला लाज नाही. आणि तसाच घाबरत मी विचारलं, शुक्रवारच्या फेरीसाठी पालकांची लेखी परवानगी आणली तर चालेल का? “कोण देणार आहे? आणा बघू,” असं त्या म्हणाल्या.

पाचवीच्या वर्गात चौतीस मुलं. तीस चिठ्ठ्या आल्या. बोम्मसंद्राच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या एका बापानं सहीखाली लिहिलं होतं, ‘सुट्टी असली तर मीही येईन.’ तीस, अक्का. फक्त विचारायचं होतं. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला कधी माफ करीन असं वाटत नाही, आणि तुमच्याविना ती गोष्ट मला कधी मागताही आली नसती. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी त्यांची बेरीज करत नाही.

काल शुक्रवार होता. तिसरा तास. राहिलेल्या चार मुलांना ग्रंथालयात बसवावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. बाकीची तळ्यापाशी नेली. नकाशाची छोटी प्रत एका मुलीच्या हातात दिली, तिचं नाव रचना, आणि सांगितलं, सगळ्यांना शाळेत ने. तिनं कागद छातीशी उभा धरला आणि निघाली. मुलं तिच्यामागं. तो कारखान्यातला बाप सुट्टी काढून खरंच आला होता, तो मुलांच्या कडेनं चालत होता. मी तळ्याच्या कठड्यापाशी थांबलो, पन्नास पावलं मोजली, आणि मग निघालो.

तिठ्यावर रचना थांबली. नकाशाकडं बघितलं. डावीकडं वळली.

मी हाक मारली नाही.